एक आणायचं, तर दुसरं द्यायलाच हवं?

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यांचं वय 54, बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. त्यांचे मामा मूळचे वेंगुर्ल्याचे, आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेले. 1970 मध्ये त्यांनी जपानमध्ये एक यामाहा गिटार घेतली, बरीच वर्षं बोटीवर स्वतः वाजवली, आणि भाची दहावी झाली तेव्हा तिच्या हातात दिली. पहिल्या तीन कॉर्ड्‌सही त्यांनीच शिकवल्या. कॉलेजचं गॅदरिंग, बँकेतले कार्यक्रम, मुलाला झोपवताना म्हटलेली गाणी, सगळं त्याच गिटारवर झालं. सहा वर्षांपूर्वी डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं आणि गिटार कपाटावर गेली. आता सोसायटीतल्या महिला भजनी मंडळात त्या रमल्या आहेत. मंडळाकडे स्वतःची पेटी नाही, ताईंना ती शिकायची आहे. सोबत बोटांना सोपं म्हणून एक युकुलेलेही, म्हणजे चार तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य, घ्यावंसं वाटतं. मुलाने इंटरनेटवर पाहून सांगितलं की, अशी गिटार साठ हजारांना जाते. पुण्याचा एक तरुण बावीस हजार द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात, मुदत ठेवीतून घे. ताई लिहितात, ‘माझ्या हौसेपायी घरातले पैसे नकोत. गिटार विकली तर दोन्ही वाद्यं येतील. पण मामांना काय वाटेल, या विचाराने झोप लागत नाही. विकू की नको?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. ते वाक्य गिटारबद्दलचं नाही, मामांबद्दलचंही नाही. ‘माझ्या हौसेपायी घरातले पैसे नकोत.’ मुलाच्या मोटारसायकलसाठी घरातली कोणती वस्तू विकली होती? यजमानांनी गेल्या वर्षी कॅमेरा घेतला असं तुम्हीच लिहिलं आहे. त्यासाठी त्यांनी आधी काय बाहेर काढलं? घरात एक वाद्य यायचं तर दुसरं गेलंच पाहिजे, ही अट तुम्हाला कोणी घातलेली दिसत नाही. ती तुम्हीच स्वतःला घातली आहे. तीस वर्षं पगार घरात आणलेल्या बाईला स्वतःच्या पेटीसाठी काहीतरी गहाण टाकल्यासारखं का वाटावं, हे मला कळतं, आणि कळतं म्हणूनच वाईट वाटतं. मला येणाऱ्या पत्रांत ही अट सारखी भेटते. कुणी कथक शिकायचं म्हणून बांगडी मोडते, कुणी सहलीला जायचं म्हणून दिवाळीची साडी घेत नाही.

म्हणून आधी ही गाठ सोडवू या. गिटार ठेवावी की नाही, हा एक प्रश्न. पेटी घ्यावी की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न पैशाच्या एका दोरीने बांधले गेले आहेत, आणि ती दोरी तुम्हाला वाटते तेवढी बळकट नाही.

पैशाचंच आधी पाहू. तुमच्या वर्णनावरून ही गिटार 1966 साली निघालेल्या ‘एफजी-180’ या मॉडेलची असावी. आत, गोल भोकातून डोकावलं की लाल रंगाचं लेबल दिसतं असं तुम्ही म्हणता. त्यावर ‘निप्पॉन गाक्की’ असं नाव असेल. 1987 पर्यंत यामाहा कंपनीचं तेच नाव होतं. या गिटारी चांगल्याच आहेत, जगभर त्यांचे चाहते आहेत. पण त्यांची समोरची फळी अखंड लाकडाची नाही, प्लायची आहे, आणि त्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. जुन्या अमेरिकन मार्टिन किंवा गिब्सन गिटारला मिळतात तसे भाव यांना मिळत नाहीत. मुलाने पाहिलेले साठ हजार म्हणजे कुणीतरी मागितलेली किंमत, कुणीतरी मोजलेली नव्हे. मागणाऱ्याला काहीही मागता येतं. तेव्हा पुण्याच्या तरुणाने सांगितलेले बावीस हजार मला प्रामाणिक वाटतात. त्यात एक बऱ्यापैकी पेटी कशीबशी येईल, पेटी आणि युकुलेले ही जोडी येणं अवघड. म्हणजे पदरचे पैसे घालावे लागणारच आहेत. मग गिटार नेमकी कशासाठी जाते आहे?

प्लायची फळी ऐकून हिरमुसू नका. दमट हवेत तिचा फायदाच होतो. अखंड लाकडाची फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, कधी तडकते. वेंगुर्ला, बोटीचं डेक आणि डोंबिवली हे सगळं सोसून ही गिटार पंचावन्न वर्षं उभी आहे, त्यात त्या प्लायचा मोठा वाटा आहे.

आता अंगठ्याकडे येते. ‘वय झालं, हात गेला’ असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. कुणाला दाखवल्याचा पत्रात उल्लेख नाही. मी डॉक्टर नाही, पण अंगठ्याच्या मुळाशी सहा वर्षं दुखणं हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, मग पुढे गिटार वाजवा, पेटी वाजवा किंवा नुसती कणीक मळा. ते झालं की आणखी एक तपासणी घरीच करा. शाळेतली पट्टी घ्या. गिटारच्या बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी), फ्रेटच्या डोक्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. साधारण अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. चारच्या आसपास असेल तर तार दाबायला बरेच जास्त कष्ट पडतात, आणि दुखण्याचा दोष नुसत्या हाताचा नाही. तारांच्या ताणाने जुन्या गिटारची मान वर्षानुवर्षं किंचित पुढे झुकत जाते आणि तारा वर येतात. रोज वाजवणाऱ्याला ते कळत नाही, कारण हे एका रात्रीत घडत नाही. हात आपोआप जास्त जोर लावत राहतो.

यावर इलाज आहे. चांगला कारागीर ब्रिजवरची हाडाची पट्टी घासून तारा खाली आणतो. तारा बारा किंवा तेरा गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) असतील तर दहाच्या लावा, बोटांना लगेच फरक कळेल. मान फारच झुकली असेल तर ती उकलून पुन्हा बसवावी लागते. ते मोठं आणि खर्चाचं काम आहे, आणि या जुन्या यामाहांचा तो सांधा सहज सुटत नाही. तेवढा खर्च करावा असं मी म्हणणार नाही. पण आधी बघून तरी घ्या. कपाटावरून काढलेली, गंजक्या तारांची, मान झुकलेली गिटार हातात घेऊन ‘मला आता जमत नाही’ असा निकाल देणं हा हातावर अन्याय आहे, आणि गिटारवरही.

इथे मला माझ्या घरचं सांगावंसं वाटतं. माझ्या वडिलांचा दिलरुबा होता, गजाने वाजवायचं तंतुवाद्य. ते गेल्यावर आईने तो मऊ धोतरात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवला. कुणी हात लावायचा नाही. पाहुणे आले की पेटारा दाखवला जायचा, उघडला जायचा नाही. एकोणीस वर्षांनी मी तो उघडला. चामड्यावर बुरशी चढली होती आणि ते मधोमध फाटलं होतं. तरफेच्या तारा गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. गजाचे केस कसरीने खाल्ले होते, दोन-तीनच उरले होते. आम्ही सगळे इतकी वर्षं मनापासून समजत होतो की आम्ही तो जपतो आहोत. आई तेव्हा होती. तिने त्या गजावरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेली. ठेवणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दुपारी कळलं. आणि तुमच्या पत्रातलं ‘कपाटावर’ हे वाचलं तेव्हा पहिली तीच दुपार आठवली.

म्हणून मी तुम्हाला ‘विकू नका, आठवण आहे’ असं सांगणार नाही. पुण्याच्या मुलाकडे ती रोज वाजणार असेल आणि तुमच्याकडे सहाव्याचं सातवं वर्ष कपाटावर जाणार असेल, तर तिने पुण्याला जावं असंच मी म्हणेन. पण तुमच्याकडे ती वाजू शकते, तीही डाव्या अंगठ्याला त्रास न देता, असं मला वाटतं. कशी, ते पाहा.

तुमचं मंडळ काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गातं असं तुम्ही लिहिलंत. गिटारच्या जाड बाजूने मोजलं तर पहिली तार ई वरून डी वर उतरवा, दुसरी ए वरून जी वर, आणि सर्वांत बारीक तार ई वरून डी वर. मधल्या तीन तारांना हात लावू नका. आता पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा, लावा. झालं, तुमचा षड्ज काळी चारचा झाला. जाड बाजूने तिसरी तार पंचम, चौथी षड्ज, चौथी पुन्हा, मग दुसरी, म्हणजे खर्ज. पंचम, सा, सा, खर्ज. ओळखीचं वाटलं ना? तानपुऱ्याच्या चार तारा अशाच लागतात. फक्त जाड बाजूने पाचवी तार छेडू नका, ती गंधार आहे आणि प्रत्येक अभंगाला चालणार नाही. डाव्या हाताला काही काम नाही, तो मांडीवर ठेवा. उजव्या हाताची बोटं संथ फिरवत राहा आणि गा. तानपुऱ्याची जवारी, ती घुमत राहणारी आस यात येणार नाही. पण समोर गाणाऱ्याला टेकायला सूर मिळतो. शिवाय तीन तारा उतरल्यामुळे मानेवरचा ताण कमी होतो, जुन्या गिटारला तेही बरंच.

‘भजनाला पेटीच लागते, गिटार शोभत नाही,’ असं मंडळातल्या एका काकूंचं म्हणणं तुम्ही कळवलं आहे. काकूंचा मान राखून त्यांना एवढं सांगा की हार्मोनियम 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली. खाली बसून, एका हाताने भाता मारत वाजवायची आपली पेटी नंतर कलकत्त्यात घडली. आज तिला कुणी परकी म्हणत नाही, कारण आपण तिच्यावर आपलं गाणं गायलो. आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. यामाहा तोराकुसु या कारागिराने 1887 साली जपानमधल्या हामामात्सु गावी एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतः तसा बनवला. त्यातून ही कंपनी उभी राहिली. रीड ऑर्गन म्हणजे पितळी पात्यांवरून हवा सोडून वाजणारं वाद्य, आपल्या पेटीचं सख्खं भावंड. म्हणजे ज्यांनी तुमची गिटार घडवली त्यांची सुरुवात पेटीसारख्याच वाद्यापासून झाली. तुम्ही गिटारकडून पेटीकडे निघालात, तर वाट फारशी परकी नाही.

आता पेटीबद्दल. इथे मला एक काळजी वाटते, ती बोलून दाखवते. पेटी बोटांना सोपी, असं धरून तुम्ही चालला आहात. उजव्या हाताला ती सोपी आहेच. पण भाता मारणार कोण? डावा हात. तोच, ज्याचा अंगठा दुखतो. काहींना भात्याचं काहीच वाटत नाही, काहींचा अंगठा अर्ध्या तासात बोलायला लागतो. तुमचं काय होईल हे दुकानात दहा मिनिटं बसून कळणार नाही. म्हणून विकत घेण्याआधी महिना-दोन महिन्यांसाठी पेटी भाड्याने घ्या किंवा कुणाची तरी वापरायला मागा. गाण्याचे वर्ग चालवणाऱ्यांकडे एखादी जुनी पडलेली असते. रोज वीस मिनिटं, अलंकार आणि दोन अभंग. महिन्याने हात काय म्हणतो ते ऐका.

आणि मग घ्यायचीच ठरली तर मोठेपणाच्या मोहात पडू नका. दुकानदार स्केल चेंजर, म्हणजे सगळ्या पट्ट्या सरकवून सूर वर-खाली करता येणारी पेटी, दाखवतील. तुम्हाला तो नको. तुमचं मंडळ एकाच पट्टीत गातं, आणि स्केल चेंजर जड असतो, त्याची दुरुस्तीही जास्त निघते. खर्ज-नर-मादी असे तीन सूरसंच असलेली पेटी बैठकीत भारदस्त वाजते, पण तिला हवा जास्त लागते, म्हणजे पुन्हा डावा हात. दोन संचांची, हलकी, घरोघर उचलून नेता येईल अशी घ्या. अंगठा धड नसताना दहा-बारा किलोंची पेटी जिन्यावरून वर नेणं हे वाजवण्यापेक्षा अवघड काम आहे! दुकानात एवढं नक्की करा: भाता पूर्ण भरा, सगळे खटके बंद ठेवा, पट्टी दाबू नका, आणि भाता किती हळू बसतो ते बघा. चटकन बसला किंवा सूं असा आवाज आला तर हवा गळते आहे. मग खटके उघडून अगदी कमी हवेत एकेक सूर वाजवा. जो सूर उशिरा उठतो तो पुढेही त्रास देतो. सा आणि पंचम एकत्र धरा, त्यात थरथर ऐकू येता कामा नये. पाती कुठली, पालिताण्याची की आणखी कुठली, हे विचारा जरूर, पण नावापेक्षा कानावर विश्वास ठेवा. तुमचा कान तीसेक वर्षं गिटार लावून तयार झालेला आहे.

युकुलेलेचं थोडक्यात: चार नायलॉनच्या तारा, ताण कमी, बोटांना खरोखर हलकं. किंमतही फार नाही. पण मला वाटतं, तुम्हाला ते हवं आहे कारण गिटार जाणार म्हणून काहीतरी गिटारसारखं राहावं. गिटार राहिली तर त्याची गरज उरते का, ते तेव्हा बघा.

तुमच्यासारखी पत्रं आणखी काहींची आली आहेत. त्यांच्याकडे जागा नाही, किंवा खरोखरच पैशाची ओढ आहे. त्यांनी वाद्य विकताना कमीपणा मानू नये. फक्त विकायचं तर नीट विका. तारा नव्या लावून, वाजत्या अवस्थेत. गिऱ्हाईक समोर बसून वाजवू दे, दोष आपणहून सांगा. एका कागदावर त्या वाद्याची हकीकत लिहून खोळीत ठेवा: कुणी घेतलं, कुठे वाजलं. पुढच्याला ती हवी असते. आणि विकण्याची अगदीच घालमेल होत असेल, तर ओळखीतल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला दोन वर्षांसाठी वापरायला द्या. परत यायची असेल तर येईल, नाहीतर तोवर मनाची तयारी झालेली असेल.

आणि मामा. ‘मामांना काय वाटेल,’ असं तुम्ही लिहिलं आहे, ‘काय वाटलं असतं,’ असं नाही. म्हणजे मामा आहेत. पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, एक्याऐंशी वर्षांचे आहेत, वेंगुर्ल्यात असतात, कानांनी थोडं कमी ऐकू येतं. ताई, त्यांना विचारलंत का? इतक्या रात्री जागून त्यांच्या वतीने तुम्हीच उत्तरं देताय. कदाचित ते म्हणतील, अगो, ती अजून आसा? कदाचित रागावतील. कदाचित म्हणतील, विक आणि मला त्या पेटीवर एक अभंग ऐकव. यातलं कुठलं, ते तुम्हाला माहीत नाही, मला तर नाहीच.

फोनवर ‘विकू का?’ असं एकदम विचारू नका. तो प्रश्न त्यांच्यावर ओझं टाकतो, आणि ते ‘तुझ्या मनात येईल ते कर’ असं म्हणून मोकळे होतील. जमलं तर या सुट्टीत गिटार घेऊन वेंगुर्ल्यालाच जा. त्यांच्या मांडीवर ठेवा. कुठल्या बंदरात घेतली, केवढ्याला, बोटीवर कोण कोण ऐकायचं, तुला पहिली कुठली धून जमली, हे विचारा. त्यांची बोटं तारांवर कशी जातात ते बघा. मग आपोआप बोलणं निघेल.

पुण्याच्या त्या मुलाला मात्र आजच कळवून टाका की दोन महिने थांबावं लागेल. थांबला तर उत्तम, नाही थांबला तर या गिटारला दुसरं गिऱ्हाईक मिळायला अडचण येणार नाही. आणि कपाटावरून ती आज रात्रीच खाली काढा, निदान तारांवरचा गंज तरी पुसा. नवा संच घ्यायला जाल तेव्हा दुकानात दहाचा गेज मागायला विसरू नका, न सांगितलं तर बाराचा देतात.